वाघानं कॉल द्यायचा नसतो

माझ्या प्रोफाइलवरचा फोटो मेहुण्याच्या लग्नातला आहे. मूळ फोटोत डोक्यावर फेटा होता, कपाळाला अक्षतांचे दोन दाणे चिकटले होते आणि डाव्या खांद्यावर बायकोचा हात होता. पुतणीनं लॅपटॉपवर माझा फेटा उतरवला, अक्षता पुसल्या, मागचा मंडप काढून तिथं राखाडी भिंत उभी केली. हात मात्र पुरता निघाला नाही. निरखून पाहिलं तर खांद्यावर अजूनही दोन हिरव्या बांगड्यांची कड दिसते.

"राहू द्या काका," पुतणी म्हणाली, "टीमवर्क वाटतं."

पुतणी पुण्याला हिंजवडीत असते. कंपन्यांना माणसं लागतात, ती बसल्या जागी हुडकून देते. माझ्या आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सोयरिकी जुळवते का?" पुतणीनं क्षणभर विचार केला आणि हो म्हणून टाकलं. यंदा दिवाळीला ती चंद्रपूरला आली ती सोयरिकीसाठी एक घोडनवरा घरातच सापडल्याच्या आनंदात. हा नवरा म्हणजे मी. वय ५२. एका कारखान्यात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराकडे २६ वर्षं काढली. दसऱ्याच्या सुमारास ठेका संपला, नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन आला. त्याबद्दल राग नाही. २६ वर्षांपूर्वी आम्हीही तसेच कोणाच्या तरी जागेवर आलो होतो.

तर लिंक्डइन. हे प्रकरण २००३ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेतलं, ही माहिती पुतणीनं दिली. या सगळ्या काळात मी पट्ट्याखाली वाकून ग्रीस भरत होतो, त्यामुळे मला कोणी कळवलं नाही.

"आधी हेडलाइन," पुतणी म्हणाली. "२२० अक्षरांत सांगा, तुम्ही काय करता?"

"आवाज ऐकतो," मी म्हणालो.

तिनं कीबोर्डवरची बोटं उचलली. मी समजावून सांगितलं. पट्टा ज्या लोखंडी रोलरांवरून पळतो ते हजारोंनी असतात. रोलरचं बेअरिंग जायच्या आधी काही दिवस ते बारीक शीळ घालतं. मग कुरकुरतं. मग एका रात्री अगदी गप्प होतं, आणि खरी भीती तेव्हाच असते. कारण थांबलेल्या रोलरवर पट्टा घासत राहतो, रोलर तापतो आणि खाली कोळशाची भुकटी पडलेली असते. पुढचं सांगायला नको. म्हणून रात्रपाळीत टॉर्च घेऊन पट्ट्याच्या कडेकडेनं चालायचं आणि कान द्यायचा. शीळ कुठल्या खांबाजवळ आहे ते कळलं की खडूनं फुली मारायची. एवढंच माझं काम.

पुतणीनं लिहिलं, "प्रेडिक्टिव्ह मेन्टेनन्स आणि कंडिशन मॉनिटरिंग तज्ज्ञ, बल्क मटेरियल हँडलिंग." मी ते तीनदा वाचलं. एखाद्या माणसाचा आदर वाटावा तसा मला त्या वाक्याचा आदर वाटला; आपली त्याची ओळख नाही, एवढंच.

"रिक्रूटर कुणाची प्रोफाइल वाचत बसत नाहीत काका," ती सांगू लागली. "आम्ही शब्द टाकून शोधतो. जो शब्द आम्ही टाकू तो तुमच्याकडे असला तर तुम्ही वर येता, नसला तर बुडालात. मग फोटो, हेडलाइन, गाव, बस. तुम्ही 'पट्टा' आणि 'आवाज' लिहिलंत तर तुम्हाला तबलजी शोधणारे लोक सापडतील."

यात शहाणपण आहे हे मी मान्य केलं. पण गाडी पुढं गेली ती थेट गावाच्या रकान्यात अडली. मी म्हणालो, चंद्रपूर. ती म्हणाली, नागपूर. नागपूर दीडशे किलोमीटर आहे, मी म्हणालो. शोधणाऱ्याला पुण्यात बसून ते काय कळतं, ती म्हणाली. आणि तिनं नागपूर टाकलं.

मला वाईट वाटायला नको होतं. आमच्या गावानं स्वतःच एकदा आपली प्रोफाइल बदललेली आहे. आधी ते चांदा होतं, साठच्या दशकात चंद्रपूर झालं. रेल्वेच्या एका पाटीवर मात्र चांदा फोर्ट राहिलं, कारण रेल्वेला हेडलाइन बदलायची घाई नसते. आणि उरलेल्या महाराष्ट्रानं तर जुनंच नाव जपलं आहे. 'चांद्यापासून बांद्यापर्यंत' म्हणायला त्याला आम्ही लागतो. बांदा सिंधुदुर्गात आहे. बांद्याशी यमक जुळलं नसतं तर आम्ही कोणाला आठवलो नसतो असं मला कधीकधी वाटतं; यमकानं आमची लाज राखली.

गडचिरोलीची गत त्याहून अवघड. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून तो जिल्हा वेगळा निघाला, आणि तेव्हापासून सरकारी खात्यांत 'गडचिरोलीला टाकीन' हे वाक्य शिवीच्या आणि शापाच्या मधल्या जागी वापरलं जातं. ज्या जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग आपणहून राहायला आले, ज्याच्या पार टोकाला हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ पासून आहेत, तिथं बदली झाली की माणसं मंत्रालयात रडायला जातात. आमचे एक शेजारी पंचवीस वर्षांपूर्वी अशा बदलीवर गडचिरोलीला गेले, सहा महिने रडले, मग तिथंच प्लॉट घेतला. त्यांच्या प्रोफाइलवर काय लिहिलं असतं कोण जाणे.

गाव झाल्यावर 'अबाउट' आलं. इथं २६०० अक्षरांत स्वतःविषयी लिहायचं असतं, आणि तेही प्रथमपुरुषी, उत्साहानं. मी वही घेऊन ओसरीवर बसलो. पहिल्या दिवशी लिहिलं, "मी चंद्रपूरचा." दुसऱ्या दिवशी ते खोडलं, कारण मी आता नागपूरचा होतो.

अडचण अक्षरांची नव्हती. लहानपणी आमच्या घरी वडील दासबोध वाचत, आणि मला त्यातला मूर्खलक्षणांचा समास फार आवडे. कारण त्यात सगळे ओळखीचे लोक भेटत. दुसऱ्या दशकाच्या त्या पहिल्याच समासात समर्थांनी एकाच ओवीत तीन मूर्ख बसवले आहेत: जो आपली आपणच स्तुती करतो तो, जो आपल्याच मुलखात हाल सोसत राहतो तो, आणि जो वाडवडिलांचा मोठेपणा सांगत फिरतो तो. मी हिशेब केला. दुसरा मी आधीपासूनच होतो. 'अबाउट' लिहिलं की पहिला होणार. आणि "ही आवड मला वडिलांकडून मिळाली" अशी सुरुवात करावी असं पुतणीनं सुचवलं होतं, म्हणजे तिसराही. एवढा बहुगुणी उमेदवार समर्थांनाही एका ओवीत सापडला नसेल.

आमच्याकडं माणूस स्वतःविषयी बोलत नाही. झाडीपट्टीत नवा माणूस गावात आला की त्याला "तुम्ही काय करता" असं कोणी विचारत नाही. "कोनाचा व्हय गा तू?" असं विचारतात. मग आपण बापाचं नाव सांगायचं, ते नाही ओळखलं तर मामाचं, तेही नाही तर बहिणीच्या सासऱ्याचं. कुठंतरी धागा लागतोच. लागला की विचारणारा स्वतःच बाकीचं सांगतो: तुमचं शेत कुठं, धान कसा होतो, आजोबांचा पाय कशानं मोडला. लिंक्डइनवर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीची ओळख असते असं पुतणी कौतुकानं सांगत होती. आमच्या मंडईत साळ्याच्या साडूचा भाऊ ही जवळची पायरी धरतात.

मंडईवरून आठवलं. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, आणि रात्री नाटक असतं. यंदा ब्रह्मपुरी तालुक्यात बहिणीच्या गावी मंडईला गेलो तेव्हा पुतणीलाही घेऊन गेलो, आणि वाटेत मुद्दाम वडशाला थांबलो. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. नाटक कंपन्यांची ऑफिसं इथं रांगेनं लागलेली असतात आणि प्रत्येकासमोर यंदाच्या नाटकांचे भलेथोरले बोर्ड. गावोगावची मंडळं इथं येतात, बोर्ड वाचतात, ऑफिसात बसून चहा पितात, तारखा पाहतात, भाव करतात आणि नाटक ठरवून जातात. दिवाळीपासून पुढचे तीनचार महिने ही मंडळी रात्री दहाला पडदा वर करतात आणि पहाटे घरी जातात. मुंबईची नाटकं प्रेक्षकांतून शिट्टी येऊ नये म्हणून झटतात. इथं शिट्टी आली नाही तर नटाला झोप लागत नाही.

पुतणी त्या बोर्डांसमोर बराच वेळ उभी राहिली. एकेका बोर्डावर पंधरावीस चेहरे, कोणी रडतंय, कोणी डोळे वटारतंय, आणि प्रत्येकाच्या नावाआधी बिरुद. कोणी विनोदाचा बादशहा, कोणी खलनायकांचा खलनायक. एका बाईच्या नावाआधीची बिरुदं इतकी होती की तिचं नाव पुढच्या ओळीवर गेलं होतं.

"काका, ही तर हेडलाइन आहे," पुतणी म्हणाली. "आणि तुम्ही म्हणता इथं स्वतःविषयी कोणी बोलत नाही."

मी म्हणालो, "हे त्यांनी नाही लिहिलं. कंपनीच्या मालकानं लिहिलं."

हे ऐकायला पळवाट वाटते, पण आहे खरं. बिरुद लावून घ्यायचं असतं, लावायचं नसतं. आणि त्याची उधारी त्याच रात्री फेडावी लागते. बोर्डावर विनोदाचा बादशहा लिहिलं आणि दुसऱ्या अंकापर्यंत शामियाना हसला नाही, तर पुढच्या वर्षी त्या गावाचं मंडळ वडशात येऊन दुसऱ्या ऑफिसात चहा पितं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दिल्लीच्या मंडळानं थोडं उशिरा बुकिंग केलं, एवढंच.

त्या रात्री नाटक चालू असताना पुतणी माझ्या शेजारी शाल पांघरून बसली होती, आणि मध्येच एका पात्राला वाक्य आठवेना. प्रॉम्प्टरचा आवाज आम्हाला दहाव्या रांगेत ऐकू आला. नटानं ते वाक्य असं काही फेकलं की टाळी पडली. पुतणी माझ्याकडं पाहून हसली. 'अबाउट' मी लिहीत नव्हतो, ती सांगत होती आणि मी म्हणत होतो, हे तिलाही कळलं होतं.

पण मला जे सांगायचं आहे ते वडशात नाही, ताडोब्यात आहे. बायकोचा चुलतभाऊ मोहर्ली गेटवर गाइड आहे. परत आल्यावर पुतणीला त्याच्या गाडीतून जंगलात नेलं. ताडोबातल्या वाघांना वनखात्याचे क्रमांक असतात आणि गाइडांनी ठेवलेली नावं असतात. टी-१२ म्हटलं तर पर्यटक विचारत, 'कोणता?' माया म्हटलं की कॅमेरे उचलत. एकाच वाघिणीच्या या दोन हेडलाइनी. खात्यापुरतं बोलायचं तर तिची प्रोफाइल तिच्या अंगावरच होती: प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, डाव्या कुशीचे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे, आणि झाडाला बांधलेला कॅमेरा त्यावरूनच वाघ मोजतो. पुतणीला हे आवडलं. खोटं लिहायची सोयच नाही, ती म्हणाली.

वाघ आपली जाहिरात करत नाही असं मात्र नाही. तो झाडाच्या बुंध्यावर फवारा मारतो, साल ओरबाडतो, आणि वास उडाला की पुन्हा येऊन मारतो. मी इथं आहे, हा भाग माझा आहे, मी अमुक तब्येतीत आहे. वाघीण असली तर याहून थोडं जास्त. गाइड म्हणाला, त्या एका बुंध्याला नाक लावलं की दुसऱ्या वाघाला सगळी खबर कळते. पुतणी म्हणाली, म्हणजे अपडेट टाकतो. दर आठवड्याला एक अपडेट टाकावं असा तिचा मला आग्रह होता. मी तिला वाघाच्या या पद्धतीची आठवण करून दिली नाही.

पण माणसाला वाघ सापडतो तो फवाऱ्यावरून नाही. आम्ही एका पाणवठ्याशी गाडी बंद करून बसलो होतो. बराच वेळ काही नाही. मग लांब कुठंतरी वानर खाकरलं. गाइडनं हात वर केला. चितळानं शेपूट उभारली आणि ते ओरडलं. "कॉल झाला," गाइड कुजबुजला, आणि चार गाड्यांतली चोवीस माणसं श्वास धरून एकाच झुडपाकडं पाहू लागली. वाघ अजून दिसलाच नव्हता. तो आला तेव्हा जांभई देत आला, पाण्यात मागच्या बाजूनं बसला आणि आमच्याकडं पाठ करून राहिला.

येताना मी पुतणीला म्हणालो, हे असं असतं बेटा. वाघ आहे हे वानरानं सांगायचं. वाघ स्वतः झाडावर चढून ओरडायला लागला तर चितळं चरत राहतील.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण तुमचं वानर कोण?"

हा प्रश्न चांगला होता. प्रोफाइलवर त्यासाठीही जागा असते. तिथं जुन्या सहकाऱ्यानं आपल्याविषयी चार ओळी लिहायच्या. माझे साहेब लोक बदलून कुठं कुठं गेले होते. ज्याच्या हाताखाली मी काम शिकलो तो फिटर निवृत्त होऊन सावली तालुक्यात शेती करतो. जानेवारीत त्याच्याकडं गेलो. वाटेत माणसांनी भरलेल्या दोन गाड्या भेटल्या. बाया, पोरं, भांड्यांची गाठोडी, कडेला बांधलेल्या चुली. धान निघाला की आमच्याकडची गावंच्या गावं मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांच्या भरतीवाल्याला ना हेडलाइन लागते ना फोटो. घरातून किती हात येणार, एवढं विचारून तो गाडी भरतो. त्या गाड्या गेल्यावर रस्त्यावर बराच वेळ धूळ होती आणि पुतणीनं फोनवर पाठवलेला 'आपले ५०० संपर्क कसे वाढवाल' हा मजकूर मी नंतर वाचायचं ठरवलं.

फिटरभाऊंना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मी का लिहू गा? मले का येते लिवता?" ते म्हणाले. "तू त्या माणसाले फोन लावून दे, मी सांगतो."

"कोणत्या माणसाला?"

"जो तुले नौकरी देणार हाये त्याले."

तो माणूस अजून ठरलेला नाही हे त्यांना पटेना. शेवटी मी पुतणीलाच फोन लावून दिला. भाऊंनी फोन तोंडासमोर आडवा धरला आणि विहिरीत ओरडावं तसं ओरडून सांगितलं, "बाई, याच्या कानावर पट्टा चालते!" आणि फोन परत दिला. पुतणी म्हणाली, वाक्य फार छान आहे पण आवाज टाकायची तिथं सोय नाही, आणि लिहून टाकलं तर ते कोणत्या शब्दानं शोधणार?

राहता राहिली हिरवी चौकट. काम पाहिजे असेल तर फोटोभोवती हिरवं कडं लावता येतं. पुतणीच्या मते लावावं. बायकोनं फोनवर तो फोटो पाहिला, हिरव्या कड्यातला मी, खांद्यावर हिरव्या बांगड्या. "पोळ्याच्या बैलासारखे दिसता," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "चांगले दिसता." मी चौकट ठेवली.

महिनाभर कोणी आलं नाही. म्हणजे आले, एकानं मला विमा विकायला लावायचं ठरवलं होतं, एकानं माझं अभिनंदन केलं, कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं. हिवाळ्यात मला रात्री झोप कमी लागते, जुनी रात्रपाळीची सवय. गच्चीवर घोंगडी घेऊन बसतो. आमच्या गच्चीवरून एक चिमणी दिसते, आणि वारा तिकडून असला की तिथल्या पट्ट्याची घरघर स्पष्ट येते. त्या कारखान्याचं काम आमच्याकडं कधीच नव्हतं. पण कान काही ठेका पाहून ऐकत नाही. आठेक दिवसांपासून तिथला एक रोलर शीळ घालत होता. मग कुरकुरायला लागला. मी बायकोला म्हणालोसुद्धा, यांच्याकडं फुली मारायला कोणी नाही वाटतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला फोन आला. गुडगावचा मुलगा होता, हिंदीत बोलत होता, आवाज पुतणीएवढाच कोवळा. तुमची प्रोफाइल पाहिली, म्हणाला. कंडिशन मॉनिटरिंगचा अनुभव आहे ना? आहे, मी म्हणालो. आमच्या क्लायंटला तातडीनं माणूस पाहिजे, पण लोकेशन जरा रिमोट आहे, तो म्हणाला आणि खाकरला. महाराष्ट्रातच आहे, चंद्रपूर जिल्हा. जंगलाचा भाग आहे, उन्हाळ्यात पारा ४७-४८ वर जातो म्हणतात, वाघही आहेत. तुम्ही नागपूर सोडून तिकडं राहायला जाल का? राहण्याचा आणि सामान हलवण्याचा खर्च कंपनी देईल.

मग त्यानं कारखान्याचं नाव सांगितलं. मी गच्चीवरच होतो. चिमणी समोर होती.

अशा वेळी काय करायचं हे पुतणीनं मला शिकवलं होतं. लगेच हो म्हणायचं नाही. दोन दिवस विचार करून सांगतो म्हणायचं. आवाजात ओढ दिसू द्यायची नाही. हे सगळं मला पाठ होतं, प्रॉम्प्टरशिवाय.

पण त्याच वेळी तिकडची कुरकुर थांबली. पट्टा चालूच होता, फक्त ती एक कुरकुर नव्हती.

"ते नंतर बोलू," मी म्हणालो. "आधी त्यांना फोन करा आणि पट्टा थांबवायला सांगा. चिमणीच्या अलीकडच्या चढावर एक रोलर आत्ताच जाम झालाय."

पलीकडं बराच वेळ शांतता होती. गुडगावात वानरं आहेत की नाहीत मला माहीत नाही.

"सर," शेवटी त्यानं विचारलं, "आप तो नागपूर में हैं ना?"

मी काय उत्तर द्यावं ते शोधत होतो, तेवढ्यात बायको कपडे काढायला गच्चीवर आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं चिमणीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, दोरीवरचा शेवटचा चिमटा काढला आणि फोनमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं,

"दुपारी जेवायला घरीच याल, का डबा देऊ?"